श्रीलंका 2022: राज्याचे दिवाळे आणि एक पगारदार घर

12 एप्रिल 2022 रोजी श्रीलंका सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले. सिंहली आणि तमिळ नववर्ष तेव्हा अगदी तोंडावर आले होते. या सणाला तिथे घरोघर चुलीवर दूध तापवून ते उतू जाऊ देतात, जसे आपल्याकडे रथसप्तमीला करतात. नारळाच्या दुधातला भात, म्हणजे किरिबत, शिजतो, तांदळाच्या पिठाचे आणि काकवीचे कवुम तळले जातात. त्या वर्षी शहरांतल्या असंख्य घरांत सिलिंडर नव्हता, दुधाची भुकटी दुकानांतून दिसेनाशी झाली होती आणि दिवसातले कित्येक तास वीज नव्हती. 1948 साली स्वतंत्र झाल्यापासून या देशाने परदेशी कर्ज कधी बुडवले नव्हते. मे महिन्यात थकलेली देणी भरायची वाढीव मुदत संपली आणि तेही घडले.

या संकटावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु बहुतेक लेखन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरलेल्या जमावापाशी सुरू होते किंवा तिथेच संपते. मला इथे वेगळी गोष्ट तपासायची आहे. राज्य बुडते तेव्हा झालेला तोटा हवेत विरत नाही. तो कुणाच्या तरी पदरात पडतो. तो कुणाच्या पदरात आणि कोणत्या वाटेने पडला, हे एका मध्यमवर्गीय घराच्या जमाखर्चातून पाहता येते.

घर

त्यासाठी कोलंबोच्या आग्नेयेला असलेल्या महारगमा या उपनगरातले एक घर समोर ठेवू. हे कुणा ओळखीच्या माणसाचे घर नाही. हिशेब करता यावा म्हणून मांडलेला नमुना आहे. त्याच्या भोवतीचे दर, तारखा आणि सरकारी निर्णय मात्र प्रत्यक्षातले आहेत. वडील 46 वर्षांचे, एका खासगी कंपनीत हिशेबनीस. आई सरकारी शाळेत शिक्षिका. मुलगा बारावीच्या तोडीच्या ‘ए लेव्हल’ परीक्षेच्या तयारीत, मुलगी त्याहून लहान, आणि घरात आजी. सप्टेंबर 2021 मध्ये दोघांचा मिळून पगार 1 लाख 20 हजार श्रीलंकन रुपये आणि वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडात 20 लाख रुपये जमा, असे धरू.

या घराला स्वतःच्या देशाबद्दल शंका वाटण्याचे फारसे कारण नव्हते. शिक्षण मोफत, सरकारी दवाखाना मोफत, साक्षरता आणि आयुर्मान दक्षिण आशियात अग्रक्रमाचे. जुलै 2019 मध्ये जागतिक बँकेने श्रीलंकेला वरच्या मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या यादीत घातले होते. पुढच्याच वर्षी देश त्या यादीतून खाली आला. मध्यमवर्गाचा जो विश्वास पुढे तुटला तो भाबडा नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. दोन पिढ्यांच्या अनुभवावर तो उभा होता.

तिजोरी कशी रिकामी झाली

कारणे थोडक्यात सांगतो, कारण ती आता सर्वज्ञात आहेत. 21 एप्रिल 2019 च्या ईस्टर रविवारी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली आणि पर्यटन कोसळले. 2018 मध्ये या एका व्यवसायाने देशाला 4 अब्जांहून अधिक डॉलर मिळवून दिले होते. नोव्हेंबर 2019 मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि त्यांच्या सरकारने व्हॅट 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला, इतर करही रद्द केले. मग कोविड आला. पतमानांकन घसरल्यामुळे बाहेरच्या बाजारात नवे कर्ज मिळेना. एप्रिल-मे 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली गेली. तिला सेंद्रिय शेतीचे नाव दिले असले तरी डॉलर वाचवणे हाही तिचा हेतू होता. काही महिन्यांनी बंदी मागे घेतली, तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता. 2019 च्या अखेरीस 7.6 अब्ज डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी घटत गेली आणि मे 2022 मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले की वापरता येण्याजोगे 5 कोटी डॉलरसुद्धा उरलेले नाहीत.

या घसरणीतला एक निर्णय मात्र घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. 18 जानेवारी 2022 रोजी सरकारने मुदत संपलेल्या आंतरराष्ट्रीय रोख्यांचे 50 कोटी डॉलर चुकते केले. इंधन आणि औषधांची टंचाई जाणवू लागली होती, आणि हे पैसे देऊ नका, आधी कर्जाची फेररचना मागा, असे देशातलेच अर्थतज्ज्ञ जाहीरपणे सांगत होते. पत राखायची म्हणून पैसे दिले गेले आणि तीन महिन्यांनी पतही गेली. गॅसची जहाजे कोलंबोबाहेर उभी राहत आणि डॉलर नाहीत म्हणून त्यांतला माल उतरवता येत नसे. मार्चमध्ये जीवनावश्यक वस्तूंचे सुमारे 1,500 कंटेनर याच कारणाने बंदरात अडकले होते. रोखेधारक आणि स्वयंपाकघर यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा सरकारने रोखेधारक निवडला, असे मी म्हणतो ते या क्रमामुळे.

सिलिंडर

महारगम्याच्या घराला संकट प्रथम कळले ते स्वयंपाकाच्या ओट्यापाशी. ऑक्टोबर 2021 पर्यंत 12.5 किलोच्या सिलिंडरचा दर 1,493 रुपये होता. त्या महिन्यात दरनियंत्रण उठवले आणि तो 2,750 झाला. एप्रिल 2022 च्या शेवटी 4,860. पण दर हा त्रासाचा लहान भाग होता, कारण पैसे हातात असूनही सिलिंडर मिळत नव्हता. लोक रिकामे सिलिंडर पहाटे रांगेत लावत आणि चोरी होऊ नये म्हणून एकमेकांना साखळीने बांधून ठेवत. नोव्हेंबर 2021 मध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचे प्रमाण बदलल्यामुळे घरोघर स्फोट होऊ लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यामुळे मिळालेला सिलिंडर सुरू करतानाही धाकधूक असे.

गॅस नसेल तर विजेची शेगडी, हा उपाय शहरी घराला सुचतो. पण मार्चच्या अखेरीस दिवसातले 13 तास वीज जाऊ लागली. रॉकेलच्याही रांगा होत्या. महारगम्याला मागे अंगण असल्याने तीन दगडांची चूल मांडता येत होती आणि आजीला ती पेटवता येत होती. कोलंबो शहरातल्या गरीब वस्त्या हटवून ज्यांना बहुमजली इमारतींत घरे दिली होती, त्यांच्याकडे जळण ठेवायला जागा नव्हती आणि धूर जायला वाटही नव्हती. विकासाची खूण म्हणून दाखवल्या जाणाऱ्या त्या इमारतीच अशा दिवसांत सर्वांत आधी निरुपयोगी ठरल्या.

पेट्रोलचेही तेच झाले. डिसेंबर 2021 मध्ये 177 रुपये लिटर असलेले पेट्रोल जूनच्या अखेरीस 470 रुपयांवर गेले, आणि त्याच सुमारास अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना इंधन विकणेच काही दिवस थांबवण्यात आले. रांगेत तासन्‌तास उभी राहिलेली वयस्कर माणसे मार्चमध्येच दगावली होती. जुलैमध्ये क्यूआर कोडची पद्धत आली तेव्हा दुचाकीला आठवड्याला 4 लिटर आणि तीनचाकीला 5 लिटर मिळू लागले. 5 लिटरवर आठवडाभर रिक्षा चालवून घर कसे चालवायचे, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. तरीही रांगा ओसरल्या आणि निदान किती मिळणार हे कळू लागले, म्हणून लोकांनी ही पद्धत स्वीकारली. टंचाई माणसे सोसतात, अनिश्चितता सोसत नाहीत, हे राज्यकर्त्यांना फार उशिरा उमगले.

सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोचा महागाई दर 69.8 टक्क्यांवर आणि अन्नधान्याचा 94.9 टक्क्यांवर पोचला. जानेवारीपासून सरकारी नोकरांना महिना 5,000 रुपयांचा भत्ता सुरू झाला होता, त्यामुळे आपल्या घराचा पगार 1 लाख 25 हजार झाला. वर्षापूर्वीच्या भावाने पाहिले तर त्या पैशात आता सुमारे 73 हजार 600 रुपयांचा माल येत होता. पगारपत्रकावर वाढ होती आणि बाजारात चाळीस टक्क्यांच्या आसपास कपात. आधी मासळी आठवड्यातून एकदा, मग दुधाची भुकटी फक्त मुलीपुरती, मग आईची सोन्याची साखळी गहाणवटीच्या दुकानात, असा क्रम अशा घरांत लागला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये 13.1 टक्के असलेले दारिद्र्य 2022 मध्ये 25 टक्क्यांवर गेले. आपले घर या आकड्यात धरले गेले नाही. त्याची घसरण रेषेच्या वरच थांबली, म्हणून ती कुठल्याही मदतयोजनेच्या डोळ्यांत आली नाही.

उंडियल

नातेवाईक परदेशी असलेल्या घरांपुढे आणखी एक प्रश्न होता. सप्टेंबर 2021 पासून मार्च 2022 पर्यंत मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव 203 रुपयांच्या आत धरून ठेवला होता, तेव्हा बाहेर तोच डॉलर अडीचशेच्या आसपास विकला जात होता. कतारमध्ये किंवा सौदीत घाम गाळणाऱ्या मुलीने घरी पाठवायचे पैसे बँकेतून पाठवले तर प्रत्येक डॉलरमागे चाळीसेक रुपये बुडत. साहजिकच लोक उंडियलकडे, म्हणजे आपण जिला हवाला म्हणतो त्या वाटेकडे वळले. बँकांमार्फत येणारा पैसा 2020 मध्ये 7.1 अब्ज डॉलर होता, 2021 मध्ये 5.5 अब्ज आणि 2022 मध्ये 3.8 अब्ज.

घराच्या बाजूने पाहिले तर यात काहीही गैर नव्हते. पोराबाळांच्या तोंडचे रुपये सरकारच्या हट्टासाठी कुणी का सोडावेत? देशाच्या बाजूने पाहिले तर गॅसचे जहाज ज्या डॉलरवाचून अडले होते तेच डॉलर हे होते. दोन्ही हिशेब खरे होते आणि ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले, याचा दोष मी घरांना देत नाही. सरकारने भाव खोटा ठेवला, म्हणून प्रामाणिक वाट तोट्याची झाली. 7 मार्चला भाव सोडला आणि मेपर्यंत डॉलर 360 च्या घरात गेला. सहा महिने आधी आणि बेताने हे केले असते तर धक्का बसलाच असता, पण गंगाजळीत काही शिल्लक राहिली असती.

पासपोर्ट

मार्च 2022 मध्ये कागद आणि शाई नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या चाचणी परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. जून-जुलैमध्ये इंधनाअभावी शाळाच बंद राहिल्या. मुलाची 2022 ची ए लेव्हल परीक्षा शेवटी जानेवारी 2023 मध्ये सुरू झाली. कोविडची दोन वर्षे आधीच गेलेली होती. अशा घरांत तोवर ‘कुठल्या विद्यापीठात’ असा प्रश्न विचारला जाई, तिथे आता ‘कुठल्या देशात’ असा विचारला जाऊ लागला. बत्तरमुल्ला येथील पासपोर्ट कार्यालयाबाहेर रात्रभर रांगा लागत, आणि त्या वर्षी परदेशी रोजगारासाठी नोंदणी करून गेलेल्यांची संख्या 3 लाखांवर गेली. गावोगावच्या कोरियन भाषेच्या वर्गांत मुले गर्दी करू लागली, कारण दक्षिण कोरियाच्या कामगार भरतीसाठी त्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. मार्चमध्ये उत्तरेकडची काही तमिळ कुटुंबे लहान मुलांसह होडीने धनुष्कोडीला येऊन पोचली. त्यांच्यापाशी ना पासपोर्ट होता, ना तो काढण्याइतका वेळ.

जून 2022 मध्ये सरकारने आपल्या नोकरांना बिनपगारी रजा घेऊन पाच वर्षांपर्यंत परदेशी कामाला जाण्याची मुभा दिली, ज्येष्ठता न गमावता. त्याच महिन्यात सरकारी नोकरांना परसात भाजीपाला लावता यावा म्हणून शुक्रवारची सुट्टी मंजूर झाली. आपल्या घरातल्या शिक्षिकेच्या जागी स्वतःला ठेवून हा आदेश वाचला की त्याचे गांभीर्य कळते. तिने वर्ग सोडावा, आखातात मिळेल ते काम करावे आणि डॉलर पाठवावेत, असे तिला तिचेच राज्य सुचवत होते. ती गेली असती तर घर तरले असते, गंगाजळीत थोडी भर पडली असती आणि तिच्या वर्गातली मुले शिक्षिकेवाचून राहिली असती. जे डॉक्टर गेले त्यांच्या बाबतीत हेच घडले. ग्रामीण इस्पितळांतल्या रिकाम्या जागा हा पुढची दोन वर्षे रोजच्या बातमीचा विषय झाला. देशाच्या भवितव्याची काळजी करणारा आणि देश सोडायचे ठरवणारा हा बहुतेक वेळा एकच माणूस होता, हे ध्यानात न घेता त्या पिढीला पळपुटी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याकडून या काळात मदत गेली हेही नोंदवले पाहिजे. भारताने 2022 मध्ये इंधन, अन्न आणि औषधांसाठी कर्जमर्यादा, चलन अदलाबदल आणि देणी लांबवणे मिळून सुमारे 4 अब्ज डॉलरचा आधार दिला. महाराष्ट्राचा या देशाशी रोजचा संबंध मात्र कांद्याचा. कोलंबोच्या बाजारात भारतीय कांदा नेहमीचा, आणि त्यातला मोठा हिस्सा नाशिककडचा असतो. डिसेंबर 2023 मध्ये आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि नुकत्याच सावरत असलेल्या महारगम्याच्या घरात कांदा कडाडला. एप्रिल 2024 मध्ये श्रीलंकेसाठी 10,000 टनांची सवलत द्यावी लागली.

फंड

जुलै 2022 मध्ये राजपक्षे देश सोडून गेले आणि त्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी रनिल विक्रमसिंघे राष्ट्राध्यक्ष झाले, मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे 3 अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. विजेचे दर आधी सरासरी 75 टक्क्यांनी आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आणखी 66 टक्क्यांनी वाढले. व्हॅट टप्प्याटप्प्याने 18 टक्क्यांवर गेला. रांगा संपल्या, महागाईचा दर 2023 च्या शरदात 2 टक्क्यांच्याही खाली आला. बाहेरून पाहणाऱ्याला प्रकरण इथे मिटल्यासारखे दिसते. दर खाली आला म्हणजे भाव वाढायचे थांबले, ते मागे गेले नाहीत, एवढा फरक मात्र रोज बाजारात जाणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आणि तोट्याचा सर्वांत मोठा हिस्सा तर अजून वाटायचाच होता. श्रीलंकेत 1958 च्या कायद्याने स्थापन झालेला कर्मचारी प्रॉव्हिडंट फंड आहे. नोकर पगाराच्या 8 टक्के भरतो, मालक 12 टक्के. निधीचा कारभार मध्यवर्ती बँक पाहते आणि त्यातला बहुतेक पैसा सरकारी रोख्यांत असतो. म्हणजे महारगम्याचा हिशेबनीस नोकरीला लागल्या दिवसापासून, त्याला न विचारता, सरकारला कर्ज देत आला होता.

सप्टेंबर 2021 मधल्या त्याच्या 20 लाखांवर वर्षाचे 9 टक्के व्याज धरले तर सप्टेंबर 2022 मध्ये 21 लाख 80 हजार होतात. 69.8 टक्के महागाई लावली की त्यांची जुन्या भावातली किंमत सुमारे 12 लाख 84 हजार भरते. सात लाखांहून अधिक रक्कम कुठलीही नोटीस न येता गेली. पासबुकात मात्र आकडा वाढलेलाच दिसत होता.

जून 2023 च्या अखेरीस सरकारने देशांतर्गत कर्जाच्या फेररचनेची योजना आणली आणि 1 जुलैला संसदेने ती मंजूर केली. रुपयांतल्या रोख्यांपैकी बोजा पडला तो मध्यवर्ती बँकेकडच्या कर्जावर आणि निवृत्ती निधींच्या रोख्यांवर. बँकांकडचे रोखे वगळले. बँकांना हात लावला तर ठेवीदार घाबरून पैसे काढतील, या भीतीत तथ्य होते, आणि त्या ठेवीदारांत आपले घरही होते. निधींना पर्याय दिला तो असा: जुने रोखे देऊन 2027 ते 2038 दरम्यान फिटणारे नवे रोखे घ्या, त्यांवर 2025 पर्यंत 12 टक्के आणि पुढे 9 टक्के व्याज मिळेल, नाही तर उत्पन्नावर 14 ऐवजी 30 टक्के कर भरा. नवे रोखे घ्यायचा निर्णय निधीच्या वतीने झाला. मुद्दलाला कात्री लागली नाही हे खरे, आणि महागाई उतरल्यावर 12 टक्के व्याज कमी नव्हते हेही खरे. परंतु 2022 मध्ये जे वितळले ते भरून देण्याची तरतूद त्यात कुठेच नव्हती. बाजारात सरकारी कर्जरोख्यांवर मधल्या काळात 20-30 टक्के व्याज मिळत होते. ते हातात रोख असलेल्यांनी कमावले.

14 नोव्हेंबर 2023 रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की गोटाबाया, महिंदा आणि बासिल हे सत्तेवर असलेले राजपक्षे बंधू आणि तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. नागरिकांनी दाखल केलेल्या अर्जांवरचा हा निकाल मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण ‘जागतिक परिस्थितीमुळे झाले’ हे उत्तर न्यायालयाने पुरेसे मानले नाही. सप्टेंबर 2024 मध्ये मतदारांनी अनुरा कुमारा दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष केले. पाच वर्षांपूर्वी त्यांना सुमारे 3 टक्के मते होती, आता 42 टक्क्यांहून अधिक. घराघरांतली काळजी मतपेटीत उतरली ती अशी.

डिसेंबर 2024 मध्ये परदेशी रोखेधारकांशी झालेला तडजोडीचा व्यवहार पूर्ण झाला. त्यांनी मुद्दलात 27 टक्क्यांच्या आसपास कपात सोसली, आणि ती लहान नव्हती. पण त्यांच्या पदरात पडलेले बहुतेक नवे रोखे अर्थव्यवस्थेच्या वाढीशी जोडलेले आहेत: देशाचे उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर गेले तर त्यांना मिळणारी रक्कम वाढते. शिवाय त्यांचा हिशेब डॉलरमध्ये असल्याने रुपयाच्या पडझडीची झळ त्यांना लागली नाही. महारगम्याचा हिशेबनीस 2031 मध्ये 55 वर्षांचा होईल आणि त्याला फंड काढता येईल. तोवरच्या बहुतेक वर्षांसाठी त्याच्या निधीच्या बदललेल्या रोख्यांवरचे व्याज 9 टक्क्यांवर बांधलेले आहे. देश सावरला तर वाढीतला वाटा मिळेल असे कलम त्या रोख्यांत नाही, आणि ते का नाही हे विचारायला वाटाघाटींच्या टेबलाशी त्याच्या वतीने कुणी बसलेले नव्हते.